करपलेली रोपं

दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसलेल्या शिवणकामवाल्या बाईंच्या कानावर शेजारच्या बापलेकीचं बोलणं पडलं, आणि सुजलेलं बोट त्या विसरूनच गेल्या.

“बाबा, तुम्ही सगळ्या रोपांवर औषध फवारलंत?”

“पानं करपत होती गं. बघवेना.”

“अहो, तो करप्याचा रोग मीच सोडला होता त्यांच्यावर!”

“स्वतःच्या हातानं? टोमॅटोनं तुझं काय घोडं मारलं होतं?”

“आमच्या संशोधन केंद्रातल्या काचघराचं छत गळतंय म्हणून चार दिवस घरी गॅलरीत आणली, तर तुम्ही... रानटी टोमॅटोला करपा सहसा बाधत नाही. त्याच्याशी आपल्या टोमॅटोचा संकर केला. तो गुण देणारं जनुक कुठल्या रोपात उतरलंय, ते बघायचं होतं. औषधाविना तगेल, ते आपलं!”

“मग आता सगळीच तगलीत की.”

“तेच तर! कुणाच्या अंगातच गुण आहे आणि कुणाला तुमच्या औषधानं तारलं, ओळखू कसं? सगळी मेहनत मातीत घातलीत.”

“मातीतच होती ना?”

“बाबा, विनोद नको!”

“बरं. पुन्हा पेर.”

“पेरतेच. उरलंय थोडं बी. पण या वेळी तुम्ही गॅलरीत पाऊल टाकायचं नाही.”

“आणि मरायला लागली तर?”

“ज्यांच्यात ताकद नाही, ती मरणारच.”

“तुझ्या आईबद्दल डॉक्टर असंच म्हणाले होते.”



“बाबा...”

“फवारायचा पंप तुझ्या खोलीत कुलपात ठेव. हाताशी राहिला, तर मी पुन्हा फवारीन.”