१२एएक्स७च्या जागी १२एयू७

विषय: भजनी मंडळाच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधला जळालेला १२एएक्स७, म्हणजे आवाज वाढवणारा काचेचा व्हॉल्व्ह. पेडगावच्या किशनरावांचा आवाज वयानं बारीक झालाय; त्या यंत्राशिवाय त्यांचा अभंग मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. जिंतूरच्या मेकॅनिकनं त्याच्या जागी जोडनंबरचा, म्हणजे मिळताजुळता १२एयू७ बसवला.

"पिना त्याच हायेत, काका. बसला की बरोबर."

"बसला, पण आवाज पहिल्याच्या पाचव्या हिश्शाइतकाच वाढवतोय," मी म्हणालो. "आमच्या हापिसातले बदली कारकूनही खुर्चीत बरोबरच बसायचे."

अस्सल व्हॉल्व्ह माझ्या जुन्या कार्यालयातल्या भंगारात आहे. तो मागायला अर्ज घेऊन गेलो.

तिथला कारकून म्हणाला, "साहेब, भंगार असलं तर देता येतं. पण तुमच्या कामाला यायलाय म्हणता, मग ते भंगार कसं?"

किशनराव सध्या नुसते टाळ वाजवतात. अर्ज प्रलंबित आहे.