दारातलं लिंबू

घरातल्या मुंग्या हाकलाच्या असतीन तं पहिले शेजारी सांगून ठेवत जा, भाऊ. आमच्या सिंदी मेघेतल्या घरी लाल मुंग्यांनी साखरेच्या डब्यापासून पार देवघरापर्यंत रांग लावली होती. माह्या बायकोले कोणीतरी उपाय सांगतला. तिनं उंबरठ्यावर हळदीची जाड रेघ ओढली अन् दोन्ही बाजूले लिंबाच्या फोडी ठेवल्या.

शेजारच्या काकू रोज आमच्याकडे चहाले येतात. त्या दारापर्यंत आल्या, खाली पाह्यलं अन् चप्पल न काढताच माघारी गेल्या. मंग फिरकल्याच नाई. बायको मलेच विचारून राह्यली, "काऊन रागावल्या असतीन?" आता मले काय माहीत?

शेवटी काकूच आल्या, पण रेघेच्या बाहेर उभ्या. "खरं सांग, हे माह्यावर केलं का तू?"

"काय केलं, काकू?"

"हळद, कापलेलं लिंबू! मी तं भेवानं माह्या दारात दहीभात अन् गूळ ठेवला. म्हटलं, जे काही असन ते दारातच खाऊन परत जाईन. परत कायचं जाते? घरभर मुंग्या झाल्या!"

रडकुंडीले आलेल्या बायकोले हसू फुटलं. "अवं काकू, हे मुंग्यांसाठीच हाय. आमच्या तं कालपासून दिसल्याच नाई."

काकूनं वाकून रेघ नीट पाह्यली. मंग हळूच म्हणे, "मी बी हळद टाकू का?"

"टाका ना. पण पहिले तो गूळ उचला."