हिस्के कुठाय?

(लेवार्डन शहर. मानसोपचारतज्ज्ञ मार्लूसची खोली. समोर येल्मा आणि तिची थोरली बहीण हिस्के.)

येल्मा : हिस्के, जरा हळू बोल.

हिस्के : का म्हणून? आईचं शी-मूत काढलं मी. अंथरुणातून उचलून खुर्चीत बसवलं मी. आणि मेल्यावर ती भेटायला आली कुणाला, तर हिला! वाढदिवसाला ॲमस्टरडॅमहून नुसती फुलं पाठवणारीला!

मार्लूस : येल्मानं तुम्हाला काय सांगितलंय?

हिस्के : हेच की हिनं ती भान पालटवणारी बुरशी खाल्ली, तुम्ही दिवसभर उशाशी बसलात, आणि हिला आई दिसली. समुद्राच्या बांधावर, केस मोकळे सोडून. तेव्हापासून बाईसाहेब बदलल्यात म्हणे. दारू सोडली, पहाटे चालायला जाते, शेजारच्या म्हातारीला वाटाण्याचं सूप नेऊन देते. शेजारच्या म्हातारीला! घरच्या म्हातारीच्या वेळी कुठे गेलं होतं गं सूप?

येल्मा : बरोबर आहे तुझं.

हिस्के : बरोबर आहे म्हणू नकोस! हे तुझं नवं शहाणपण डोक्यात जातं माझ्या. पूर्वी भांडायचीस तरी.

मार्लूस : हिस्के, आज इथे यावंसं का वाटलं तुम्हाला?

हिस्के : मलाही द्या ते. मलाही बघायचीय ती.

मार्लूस : इतक्या रागात असलेल्या कुणालाच मी ते देत नाही. आणि घेतलं तरी समोर कोण येईल, ते माझ्या हातात नसतं.

हिस्के : म्हणजे नशीब! तेही हिचंच.

मार्लूस : हिला दिसली ती आई होती की हिचं मन, तेही मला ठाऊक नाही. माझं खरं काम नंतरचं. त्या दिवशी जे वर आलं, ते घेऊन घरी कसं जगायचं, एवढंच.

येल्मा : मग मला आता एक सांगायलाच हवं. हिस्के, ती बांधावर उभी होती ना, ती माझ्याकडे बघतच नव्हती.

हिस्के : मग?

येल्मा : मी 'आई, आई' करत धावले. तिनं मला बाजूला सारलं. वाटेत कुणी आडवं यावं तसं. आणि म्हणाली, 'हिस्के कुठाय?'

हिस्के : खोटं.

येल्मा : लहान पोरीसारखी रडले मी.

हिस्के : मला बरं वाटावं म्हणून रचतेयस.

येल्मा : तुला बरं वाटायला नको होतं मला! म्हणून तर लपवलं. मोकळे केस सांगितले आणि तुझं नाव गिळलं. इतकी जळले तुझ्यावर. अजून जळते. ते सूपसुद्धा चांगुलपणानं नाही नेत मी. तू करायचीस ते आपल्याला जमतं का, बघायला नेते.

हिस्के : …जमतं?

येल्मा : परवा त्या म्हातारीनं वाटी भिंतीवर फेकली.

हिस्के : गरम असणार. कोमट द्यायचं असतं. आणि वाटीत नाही, कपात. कान धरता येतो त्यांना.

मार्लूस : आत्ता काय वाटतंय, हिस्के?

हिस्के : खरं सांगू? बरं वाटलं. हिला बाजूला सारलं, ते ऐकून आत गार गार झालं. वाईटच ना हे?

मार्लूस : फार काळ एकट्या होतात तुम्ही त्या घरात.

हिस्के : कुणी विचारलंसुद्धा नाही, तिथे काय चालतं ते.

येल्मा : मी विचारते. आता विचारते. सकाळी उठली की काय करायची आई?

हिस्के : आधी विचारायची, भरती आहे का.

येल्मा : समुद्राला?

हिस्के : हो. बाबा आता नाहीत, तरी भरतीबरोबर त्यांची बोट येईल, असं वाटायचं तिला. मी 'आहे' म्हणायचे.

येल्मा : ओहोटी असली तरी?

हिस्के : ओहोटी असली तरी. भरती आहे म्हटलं, की मग चहा प्यायची.