शेणाच्या खळ्यावरचा नाच

हसू नका, पण बर्फावरचा नाच मी पहिल्यांदा केला तो बेलापुरात, शेणाच्या खळ्यावर. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतली गोष्ट. आदल्या रात्री वडिलांबरोबर पाहिलेल्या तंबूतल्या सिनेमात एक गोरी बाई बाजाच्या तालावर बर्फावरून घसरत नाचली होती. सकाळी आईनं नुकतंच सारवलेलं खळं दिसलं, मी तशीच घसरले आणि मधोमध आपटले. सारवण पार उखडलं.

आई म्हणाली, "पोरीच्या जातीनं असं पाय उडवायचं व्हय? आता सारवनार कोन?"

"मी," अण्णा म्हणाले. माझे वडील लग्नांत ताशा वाजवायचे.

गडीमाणसानं खळं सारवलेलं गावात कुणी पाहिलं नव्हतं. अण्णांनी सारवलं, हात धुतले, ताशा गळ्यात अडकवला आणि मला म्हणाले, "हां, घसर आता. ती बाई बाजा हुता म्हनून पडली न्हाई."