सहावा मणी

सासू : तिथंच थांब. देवाच्या फळीला तुझा हात लागायचा नाही. नऊ वर्षं झाली सांगून, अजून रोज सांगायला हवं?

सून : देव नकोयत मला, आई. त्यांच्याशेजारी तुम्ही ठेवलीत ती मण्यांची माळ माझी आहे. उद्या प्रयोगशाळेत मुलांना दाखवायचीय.

सासू : तुझी? खोक्यात चिंध्यांखाली कोंबली होतीस. एवढी देखणी वस्तू अशी ठेवतात? मी काढली, पुसली, देवापुढं ठेवली. आठ दिवस तिच्यावरच जप करतेय.

सून : जप?

सासू : मग काय, नुसती बघत बसू? शंभर न् सेहेचाळीस मणी. एवढी वेटोळी, पण कुठं गाठ नाही. जन्मभर लोकर विणली मी, असं वळण मला नाही साधलं. आणि आत ती लाल चकती, गाभाऱ्यात बसल्यासारखी. कुणी घडवली?

सून : तार मी वाकवली. आकार माझा नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आहे, डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक. चकतीच्या मधोमध लोखंडाचा कण असतो. श्वासातला प्राणवायू तिथं येऊन बसतो.

सासू : प्राण येऊन बसतो, म्हणजे देऊळच की. बघ, दुसरीत शाळा सुटली तरी ओळखलं मी.

सून : ओळखलंत. आता द्या ना.

सासू : थांब गं. सहावा मणी तेवढा पांढरा आहे. मेरुमणी ना तो? दर फेरीला डोळ्यांना लावते.

सून : मेरुमणी नाही तो.

सासू : तोंड का उतरलं?

सून : तो चुकीचा मणी आहे, आई. तिथं दुसरा हवा होता. एवढ्या एका मण्यापायी रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात. ही यांची माळ आहे. यांच्या रक्तातली.

सासू : माझ्या लेकाची?

सून : हो.

सासू : आणि तो मणी घातला कुणी?

सून : राहू दे.

सासू : तुझ्या हातच्या अन्नानं त्याचं रक्त नासलं, तो गेला, असं नऊ वर्षं ऐकवलं मी तुला. आता तू ऐकव.

सून : प्रत्येकाला अशा दोन माळा मिळतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. एकच चुकलेली असली तर माणूस धडधाकट राहतो. तुमच्यासारखा, मामंजींसारखा. यांच्या वाट्याला दोन्ही चुकलेल्या आल्या.

सासू : म्हणजे जन्मतःच.

सून : जन्माआधीच. तुमचाही दोष नाही त्यात.

सासू : माझी समजूत घालू नकोस. तेव्हाच का नाही बोललीस?

सून : बोलले होते. तुम्ही म्हणालात, शिकलेली आहे, शब्दांनी हात धुतेय.

सासू : म्हणाले असेन. जीभ माझीच.

(सासू फळीवरच्या माळेचा सहावा मणी पदरानं पुसते.)

सून : तुम्हाला त्रास होत असेल तर उद्यानंतर कपाटात ठेवते.

सासू : कपाटात कशाला? दाखवून परत आण. इथंच राहील. तो मणीही तसाच राहू दे. त्याचं काय ते मी देवाशी बोलेन.

सून : मग उतरवून द्या.

सासू : तूच घे.

सून : फळीवरून?

सासू : हो. आणि हात वर गेलाच आहे, तर दिवाही तूच लाव.