गच्चीवरचा अर्धा चहा

...आणि पुन्हा गच्ची मीच झाडायची, का, तर वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष बदलला! तुम्हाला सांगतो, निवडणूक त्यांची आणि खराटा माझ्या हातात. कारण काय, तर आमच्या कलकिल्या शहराच्या या बाजूला इस्रायलनं घातलेलं कुंपण, पलीकडची आमची ऐंशी जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची झाडं आणि मधलं ते पिवळं फाटक, हे सगळं एका नजरेत दिसणारी गच्ची फक्त आमची. म्हणून दर नवा अमेरिकी दूत आधी इथं. चार येऊन गेले. पहिल्याच्या अंगरक्षकानं जिन्याची तिसरी पायरी फोडली, अमेरिकेनं आमच्याकडे कायमचं केलेलं काम ते तेवढंच.

एकानं नकाशे आणले, दोन राष्ट्रं, दोन रंग. दुसरा म्हणाला, नकाशा नंतर, आधी धंदा, आणि आमच्या झाडांच्या जागी हॉटेलाचं चित्र दाखवलं. एक जण तर नुसता छातीवर हात ठेवून, 'मला कळतंय, मला कळतंय...' काय कळतंय बाबा? माझ्या आईला, हाज्जा वस्फियाला, तिच्या वडिलांनी लावलेल्या झाडांखाली या सत्त्याऐंशीव्या वर्षी एकदा बसायचंय, बास. फाटकापलीकडे जायचा परवाना दर वेळी नाकारतात. फाटकावरचा इस्रायली शिपाई म्हणतो, 'आजी, माझ्या हातात काय आहे? अमेरिकेला विचारा.' अमेरिका कुठं, तर आमच्या गच्चीवर!

तर हा परवाचा पाचवा. नवा माणूस, बरं का, या देशात पहिल्यांदाच आलेला. मी म्हणणार, 'साहेब, तिसरी पायरी जरा...' तर हा बोलता बोलता तिच्यावरून पाय उचलून वर! खाली बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, असेल. वर गेला तो थेट कठड्याच्या त्याच कोपऱ्यात, चौघांच्या बुटांनी गुळगुळीत झालेल्या फरशीवर. नवा माणूस, बरं का.

आईला मोतीबिंदू. तिच्या लेखी हा सगळा एकच माणूस, कधी जाड होतो, कधी वाळतो. ती म्हणाली, 'आलास? मागच्या वेळी चहा टाकून गेलास.' आणि तो हसून चक्क अरबीत म्हणतो, 'चुकलं मावशी, या वेळी संपवतो.' अहो, दुभाष्यानं अजून तोंडही उघडलं नव्हतं! दुभाषा माझ्याकडे बघतोय, मी दुभाष्याकडे.

'फाटकाचं काय?' आईनं विचारलं.

'परिस्थिती...' मग बारीक खोकला, '...अनुकूल होते आहे.' चौघांचं तेच वाक्य, चौघांचा तोच खोकला, त्याच जागी. नवा माणूस, बरं का!

मोटारी गेल्या. चहाचा ग्लास बघतो तर अर्धा, बरोबर ग्लासावरच्या हिरव्या रेघेपर्यंत, दर वेळेसारखा. मी म्हटलं, आई, दे, विसळतो. तिनं वर बशी झाकली.

'राहू दे. पुढच्या वेळी नवा करायला मी असेन, नसेन. तो येईल, हा संपवेल, मग फाटक उघडेल.'

ग्लास तसाच ठेवला मी. दुसऱ्या दिवशी पायरी नीट करायला गवंडी आला, सिमेंट कालवून तयार... मी त्याला परत पाठवला. उद्या पायरी धड झाली आणि पुढच्याला घरच ओळखू आलं नाही, तर?