नाचाचा घोडा

घोड्याचं नाव काढलंसा म्हणून सांगतो. संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या साली मी शिरोळला नाचाचा घोडा घ्यायला गेलतो. विकणारा म्हातारा म्हणाला, "हलगी वाजतीय तंवर हा नाचतोय, थकला तरी थांबत न्हाय. पावणं, घर कुठं तुमचं?"

"तालमीला लागून. तिथं रोज हलगीवर लेझीम चालतंय की."

"मग न्हाय द्यायचा."

"लांब मळ्यात बांधतो," असा मी शब्द दिला, अन् लोकांनी बघावा म्हणून आणून दारातच बांधला.

महिन्याभरात घोडा लंगडायला लागला. परत घेऊन गेलो. म्हाताऱ्यानं त्याच्या सुजलेल्या पायांवरनं हात फिरवला अन् एवढंच इचारलं, "मळ्यात हलगी कोण वाजवत हुतं, पावणं?"